मारुतीला विमानाची फेरी

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शितू गेली. पूर्णेहून सकाळची गाडी. स्टेशनवर सोडायला मीच, कारण घरात मोटारसायकल माझी एकट्याची.

काल भाऊबीज. काकूनं (तिच्या आईनं) हट्टानं तिला वैमानिकाचा गणवेश घालायला लावला. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. अजून शिकाऊच आहे म्हणा, पण पट्ट्या आहेत. भाऊबीजेला कुणी गणवेशात ओवाळतं का? माझ्या कपाळाला कुंकू लावत होती आणि सगळं घर तिच्या खांद्याकडं बघत होतं. ओवाळून घेणारा मी, पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नाही. माय म्हणाली, "बग बरं, कशी शोबायलीय." बघितलं.

जेवताना काकूचं सुरू झालं. "समद्या गावाच्या गाड्या मारुतीला फेरी घालून मंगच रस्त्याला लागत्यात. ट्रॅक्टर असू दे का फटफटी. आन् हिचं इमान तसंच उडायलंय. ना नारळ, ना फेरी." सगळे हसले. मीही हसलो आणि वर म्हणालो, "मग आण की शितू इकडं. का वरून गावच सापडायचं न्हाई तुला?"

ती हसली नाही. "सापडंल की दादा," म्हणाली.

पो.दु. = पोटदुखी. गोळी घेऊन जाणारी नव्हे, दुसरी. आजपासून रोज नोंदवायची ठरवली आहे, गुरांचा ताप नोंदवतो तशी. आज: भरपूर.

२ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असून लसीकरण. सकाळपासून दोनशेवर शेळ्या. एका म्हातारीनं शेळीचे कान धरून ठेवले आणि मला विचारलं, "तुमी त्या इमानवाल्या बाईचे भाऊ ना?" होय म्हटलं. "लय नाव काढलं बाई पोरीनं." शेळी माझ्या पायावर मुतली.

बारा वर्षं या भागातल्या गुराढोरांना सुया टोचतोय. माझं नाव कुणाला सांगता येत नाही. "डॉक्टर" म्हणतात, तोही मी नाही. पशुधन पर्यवेक्षक.

लस दिलेल्या शेळीच्या शिंगाला रंग लावायचा असतो. डबीवरचं नाव वाचतो, मगच ब्रश बुडवतो. सवय.

लिहूनच टाकतो एकदा. सहा वर्षांपूर्वी वैमानिकाच्या शिष्यवृत्तीचे दोन फॉर्म मी भरले. एक माझा, एक शितूचा. नोकरीत होतो, पण वयात बसत होतो. तिला बारावीचं फिजिक्स मी शिकवलेलं. फॉर्मवरचा तिचा फोटोसुद्धा मीच चिकटवला. वैद्यकीय तपासणीला दोघं एकाच एसटीनं गेलो. तिथं ठिपक्यांचं एक पुस्तक असतं. ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. मला नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा मला वेगळा कळत नाही, हे मला तिथं, त्या टेबलासमोर कळलं. तोवर वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं आणि लोक उगाच फुशारक्या मारतात.

घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर जास्त निघाला. मायला तेच माहीत, मनीषालाही तेच सांगून लग्न केलं. खरं फक्त शितूला माहीत. तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही. याचाही राग येतो कधी कधी. सांगून टाकलं असतं तर तिच्यावर रागावायला काहीतरी मिळालं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

शितूचा फोन. आवाज एकदम दबका.

"दादा, अठरा तारखेला माझी एकटीची लांबची फ्लाइट हाय. मार्ग आपल्या गावापसून जरासाच खाली जातोय. मी एक फेरी घालते मारुतीला."

म्हटलं, परवानगी?

"एक फेरी, दोन मिनिटं. पावणेदहाला. ते मोठं इमान दहाच्या पुढं येतं. त्याच्या आत मी गेलेली असंन." दहाचं विमान म्हणजे नांदेडला उतरणारं. आमच्या गावात त्याच्यावर घड्याळं लावतात.

मग कामाचं बोलली. वरून सगळी गावं सारखीच दिसतात, आणि प्रत्येक गावाबाहेर चुना दिलेला एक मारुती. तेव्हा खूण हवी. "आईचं लाल लुगडं देवळाशेजारच्या हरभऱ्यात पसर. हिरव्यात लाल लगेच दिसतं. आन् आईला घेऊन ये. सांगू नको काई, नुसतं घेऊन ये. तिला वर बगू दे."

बरं म्हणालो.

मी गमतीत बोललो होतो आणि ही खरंच यायला निघाली. मी तिला नको म्हणू शकलो असतो. मीच फिजिक्स शिकवलं, मला नको म्हणता आलं असतं. पण मनात आलं, चुकेल. येईल आणि गाव सापडणार नाही. मग फोन करेल, दादा सापडलं नाही रे. ते ऐकायचं होतं मला.

पो.दु. लिहीत नाही आज.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मनीषा माहेरी बोरीला गेली, भावाच्या मुलाचं बारसं आहे. गुरुवारी येणार, नाहीतर शुक्रवारी म्हणाली.

काका मेंढरं घेऊन चारठाण्याच्या अंगाला आहेत. काकू घरी एकटी. दुपारी तिच्या दारावरून दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिनं हाक मारली, "चा घे की रं." एकदा थांबलो, चहा घेतला. उद्याचं बोललो नाही.

कारण लिहू? बीपी आहे तिला, उन्हात उभी राहून वर बघितलं तर चक्कर येईल. हे कारण छान आहे. कुणी विचारलं तर हेच सांगेन.

खरं कारण: ती गावभर सांगेल. चार दिवस त्याच गोष्टी. "माज्या पोरीनं इमान आणलं मारुतीला." मी तिथं असेन आणि त्या गोष्टीत मी लुगडं पसरणारा असेन.

लुगडं मागितलं तर ती विचारणार कशाला. तेव्हा चादर आपल्याच घरातली नेतो. लग्नात बोरीकरांनी दोन दिल्या होत्या, एक लाल, एक हिरवी, नक्षी सारखीच. पेटीत आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जमेल तसं लिहितो.

साडेनऊला देवळावर. चादर हरभऱ्यात पसरली, चार कोपऱ्यांना ढेकळं. कुणी नव्हतं. एक गुराखी लांब, ओढ्याच्या पलीकडं.

नऊ पन्नासला आलं. आधी आवाज, मोटारीच्या पंपासारखा. मग दिसलं. एवढंसं. आमच्या शितूचं. खरं सांगतो, त्या क्षणी पोटदुखी गेली. अंगावर काटा आला आणि मी हात हलवले, बावळटासारखा, दोन्ही हात.

एक फेरी घातली. वाटलं आता जाईल. दुसरी घातली. तिसरी. पंख कलता ठेवून गोल, गोल, जरा गावाच्या बाजूला सरकून पुन्हा गोल. मी ओरडत होतो, अगं इथंच, इथंच. पाचवीला घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच. मग ओरडायचं सोडून नुसता बघत राहिलो.

मोठं विमान पूर्वेकडं उतरत आलं, रोजच्यासारखं. शितूचं वळणात होतं, पाठ त्याच्याकडं. ती खाली बघत होती. खालीच बघत असणार.

मोठ्या विमानानं एकदम नाक वर उचललं. असा आवाज मी कधी ऐकला नाही, देवळाची घंटा आपोआप थरथरली. शितूचं विमान एका बाजूला पडल्यासारखं झालं, मग सावरलं. दोघांच्या मध्ये किती अंतर होतं ते खालून कळत नाही. मला तर एकमेकांत गेलीच वाटली.

मग ती सरळ दक्षिणेला निघून गेली. मी खाली बसलो. बराच वेळ. ढेकळं काढली, चादर घडी केली, घरी आणून पेटीत ठेवली. मायनं विचारलं, "कुटं गेलतास?" म्हटलं, शेळ्यांना.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मोबाइलवर बातमी. "हवेतील अनर्थ थोडक्यात टळला." मोठ्या विमानातल्या यंत्रानं ओरडून सांगितलं म्हणून पायलटनं उचललं. प्रवासी सुखरूप, काही जणांना मुका मार. शिकाऊ विमान मार्ग सोडून तिथं कसं आलं याची चौकशी. नाव दिलेलं नाही.

शितूचा फोन दुपारी.

"दादा, लाल काईच दिसंना झालं रे. मला वाटलं गावच चुकलं. रेडिओवर बोलायचंबी राहून गेलं. तू टाकलंतंस ना?"

"टाकलं होतं."

"मंग मीच आंधळी झाले म्हणायचं."

तिनं सांगितलं की तिला उडायला बंदी केली आहे. साहेबांना सांगितलंय, वाट चुकले. "आई आलती का रे देवळावर?"

"नाही. तिला बरं नव्हतं."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सरळ आलं की माझं मलाच नवल वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मनीषा आली. संध्याकाळच्या आत पेटी उघडली, थंडी पडायला लागली म्हणून चादरी काढायच्या. ओसरीतून म्हणाली, "आवो, हिरव्या चादरीला एवढी माती कशानं लागली?"

मी बाहेर आलो. तिच्या हातात तीच, घडीत हरभऱ्याचा पाला. दुसरी पेटीत, स्वच्छ.

हिरवी. हिरव्या हरभऱ्यात.

"गाडीवर शेळी आणली होती," म्हटलं. तिनं चादर भिजत टाकली.

मंगळवारी सकाळी पेटी उघडली तेव्हा माय दहा पावलांवर तांदूळ निवडत होती. माय, यातली लाल कोणती गं, एवढंच विचारायचं होतं. विचारलं नाही. का नाही विचारलं? मायला कळेल म्हणून. सहा वर्षं लपवलेलं एका चादरीसाठी कशाला उघडं पाडायचं, म्हणून. का दुसरंच काही? दोन चादरी हातात घेऊन मी क्षणभर उभा होतो हे आठवतंय. दोन्ही मला मातकट दिसत होत्या. एक उचलली. ती उचलताना मनात काय होतं, हे चार दिवस स्वतःला विचारतोय आणि दर वेळी उत्तर वेगळं येतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

शितू घरी आली. साधा पंजाबी ड्रेस. बातमीतलं विमान तिचंच, हे गावाला कळलंय. वेशीवरचे लोक बघतात आणि दुसरीकडं बघतात. महिन्यापूर्वी हेच चहाला थांबवत होते. पारावर एक जण म्हणाला, "करायला गेले गणपती, झाला मारुती." हशा. मलाही हसू आलं आणि लगेच तोंड कडू झालं.

जे मला सहा वर्षं हवं होतं ते झालं आहे. आता गावात कुणी तिचं कौतुक करत नाही. माय सुद्धा म्हणाली, "पोरीच्या जातीला एवडं उडू द्यायचंच न्हवतं." मला बरं वाटायला हवं होतं. पो.दु. आहेच. जागा बदललीय फक्त.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चौकशीच्या साहेबांचा फोन. पोलीस पाटलानं नंबर दिला, त्या गुराख्यानं मला देवळावर बघितलं होतं.

"विमान घिरट्या घालताना तुम्ही पाहिलं का?"

"मी लसीकरणात होतो साहेब."

"त्या दिवशी?"

"रोजच असतं."

ते म्हणाले, काही आठवलं तर या नंबरवर कळवा. नंबर लिहून घेतला आहे, या वहीच्या शेवटच्या पानावर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शितूबरोबर गोठ्यात. काकांच्या मागं राहिलेल्या चार शेळ्यांना जंताचं औषध पाजत होतो, तिनं शेळी धरली. लहानपणापासून तिचा हात या कामाला चांगला.

सोमवारी तिला समोर बसवून विचारणार आहेत. वाट चुकले हे टिकणार नाही, म्हणाली. विमानातल्या यंत्रात सगळ्या फेऱ्या उमटल्या आहेत. गोल, एकाच जागी. "वाट चुकलेला मानूस गोल गोल फिरतो व्हय?"

"मग?"

"खरं सांगणार. मारुतीला एक फेरी घालायची व्हती म्हणून. ते हसतील. हसू देत. एक फेरी पोरकटपणा हाय, त्याला शिक्षा करतील, पुन्यांदा शिकवतील. पन सहा घातल्यात मी. त्या का घातल्या हे इचारलं तर माज्याकडं उत्तर न्हाई. ते म्हणतील स्टंट केला. काढून टाकतील."

"सांग की, खूण ठेवली होती, दिसली नाही."

"कुणी ठेवली, कोनची ठेवली, हे इचारतील."

शेळीनं औषध थुंकलं. मी पुन्हा भरलं.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "लाल न्हवतं ना ते?"

मी मान हलवली. नाही.

"तुला फोन केला त्या रात्रीच मला कळलं. माजीच चूक. तुला लाल सांगायलाच नको व्हतं. आईचंच लुगडं, आन् आई संगं असंल, म्हणून ध्यानातच आलं न्हाई." तिनं दुसरी शेळी ओढली. "तुजं नाव न्हाई घ्यायची मी दादा. मनीषा वैनीलाबी म्हाईत न्हाई ना अजून."

तिनं रडावं, शिव्या द्याव्यात, असं वाटत होतं. माझ्या पोटात ती सहा वर्षं ठुसठुसतेय आणि तिच्या पोटात माझ्यासाठी हे. याच्यावरही जळावं इतका मी हलका माणूस आहे. जळलो.

३० नोव्हेंबर, रविवार

काकूनं सकाळीच निरोप धाडला, मारुतीला नारळ फोडायचाय, शितूच्या उद्यासाठी, गाडीवर ने. शितू घरी झोपलेली, तिला उठवू नको म्हणाली.

नेलं. नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे करत ती देवळाच्या ओट्यावर बसली. समोर हरभरा, घाटे धरायला लागलेत. दहा वाजून गेले आणि मोठं विमान आलं. काकूनं कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईस्तोवर बघितलं. चक्करबिक्कर काही आली नाही.

"शितूनं सांगितलं काल मला. लाल खूण ठिवायला तू व्हतास हितं." आवाजात राग नव्हता. "मला का न्हाई आनलंस रं?"

बीपीचं तोंडाशी आलं होतं. गिळलं. "जळलो काकू," म्हटलं. "तिच्यावर. तुमच्यावर पण."

ती खोबरं चावत राहिली. मग म्हणाली, "ते मला ठावं हाय. लहानपनापसूनचं हाय तुजं. तिच्या पाटीवर पानी सांडायचास." मग, "बरं, मला सांग तरी. कशी दिसली? माज्या पोरीचं इमान मी बगितलंच न्हाई रं."

सांगितलं. चादर हरभऱ्यात कशी पसरली, आवाज कसा आला, केवढंसं होतं, पंख कसे कलले, मी दोन्ही हात कसे हलवले. ती ऐकताना मान डोलवत होती, कीर्तन ऐकावं तशी.

"कोनच्या रंगाचं व्हतं?"

"पांढरं. त्याच्यावर पट्टे."

"पट्टे कोनचे? लाल का हिरवे?"

मी हरभऱ्याकडं बघितलं. मग म्हणालो, "मला ते दोन्ही ओळखू येत नाहीत काकू. कधीच आले नाहीत. चष्म्याचं खोटं होतं."

तिनं हातातला खोबऱ्याचा तुकडा खाली ठेवला. बराच वेळ ती समोरच्या शेताकडं बघत होती, जिथं मी त्या दिवशी ढेकळं ठेवली होती तिथंच.

"मंग चादर कुनी निवडली?" तिनं विचारलं.

घरी आणून सोडलं. उत्तर अजून दिलेलं नाही. ती दारात बसली आहे, इथून दिसते. दुपारचे दोन. शितूची गाडी पाचला आहे, स्टेशनवर मीच सोडणार. वहीचं शेवटचं पान, साहेबांचा नंबर लिहिलेलं, उघडं आहे आणि मोबाइल शेजारी.